२०० पानी वही, छापील डायरी की ॲप? शाळकरी धावपटूंच्या सरावनोंदीसाठी काय घ्यावं

जून उजाडला की ठाण्यात गोखले रोडपासून जांभळी नाक्यापर्यंत वह्यापुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत हल्ली आणखी एक वस्तू दिसते, ‘खेळाडूंसाठी खास’ म्हणून विकली जाणारी छापील डायरी. सातवी ते दहावीत ॲथलेटिक्स करणाऱ्या मुलांचे पालक ती हौसेने घेतात, कारण सगळ्यांची तक्रार एकच असते: पोरात दम आहे, पण मन लावून सराव करत नाही. चार दिवस जोरात, पाचव्या दिवशी दांडी. ही तक्रार डायरीने मिटते का, की तेच पैसे दुसरीकडे लावावेत, हे पाहण्यासाठी तीन गोष्टी तुलनेला घेतल्या आहेत. ३५० रुपयांच्या आसपास मिळणारी छापील क्रीडा डायरी, ६०-७० रुपयांची २०० पानी लाँगबुक वही आणि मोबाइलवरचं धावण्याचं ॲप. जोडीला स्टॉपवॉच, कारण मोजलेली वेळच नसेल तर लिहायचं काय?

निकाल आधीच सांगतो: वही घ्या. मात्र ती कशी आखायची, कोणी वाचायची आणि कोणी अजिबात वाचायची नाही, हे ठरवल्याशिवाय तीही दिवाळीपर्यंत कपाटात जाते.

आधी छापील डायरी. दिसायला देखणी, स्पायरल बाइंडिंग, जाड कागद. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सुविचार, खाली ‘आजचं ध्येय’, मग रंगवायला पाच तारे आणि हसरे-रडके चेहरे. सरावाला जागा दोन ओळींची. पहिले दोन आठवडे मुलं हौसेने भरतात, गणपतीपर्यंत पानं कोरी पडू लागतात. यात मुलाच्या आळसाचा भाग कमी आणि डायरीच्या आखणीचा जास्त आहे. सोमवारी चार तारे रंगवले, गुरुवारीही चार. यातून मुलाला स्वतःबद्दल काय कळलं? काहीच नाही. सोमवारी ३०० मीटर ४८.१ आणि गुरुवारी ४७.६, हे कळलं की पुढच्या सोमवारी ते आपणहून लवकर येतं.

दुसरा दोष तारखांचा. पानांवर तारखा आधीच छापलेल्या असतात. मूल सहा दिवस तापाने पडलं की परत आल्यावर सहा कोरी पानं त्याच्यासमोर उघडतात. आजारी असणं हा त्याचा दोष नसतो, तरी ती पानं तसंच म्हणतात. बहुतेक मुलं डायरी सोडतात ती इथेच. वहीत तारीख आपण घालतो, त्यामुळे शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून ‘ताप, ६ दिवस’ एवढं लिहिलं की पुढची ओळ सुरू.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बऱ्याच डायऱ्यांत आठवड्याच्या शेवटी एक रकाना असतो: ‘ध्येय पूर्ण झाल्यास बक्षीस’. पालक तिथे पिझ्झा लिहितात, नवीन बूट लिहितात. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, काहींना नाही. पैसे मिळालेल्यांचा मोकळ्या वेळेत कोड्याला हात लावण्याकडचा कल नंतर कमी झाला. धावणं हे मुलाला मुळात आवडणारं काम आहे. त्याला दर आठवड्याला मोबदला लावला की ते मजुरी होऊन बसतं. जिल्हा पातळीवर पदक मिळालं तर घरी गोडधोड जरूर करा, पण मंगळवारच्या सरावाला किंमत लावू नका.

आता वही. लाँगबुक, एकेरी ओळी, शिवलेली. पिनांची घेऊ नका, पावसात पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात. उघडल्यावर डावं पान सरांचं, उजवं पान मुलाचं. डावीकडे आठवड्याचा बेत, रविवारी एकदाच लिहायचा. उजवीकडे प्रत्यक्ष झालं ते, रोज. उजव्या पानावर सहाच गोष्टी: तारीख, झोप, सकाळची नाडी, सराव आणि वेळा, कष्ट, दुखणं. यापेक्षा जास्त रकाने आखले की भरायला तीन मिनिटांऐवजी दहा लागतात आणि क्लासला जायच्या घाईत नोंद राहून जाते.

झोप म्हणजे किती वाजता आडवा झाला ते नव्हे, डोळा लागल्यापासून उठेपर्यंत. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास लागतात. सकाळी ७ ची शाळा आणि रात्री ९ पर्यंत क्लास असलेल्या मुलाला ते मिळत नाहीत, आणि ‘मनापासून पळत नाही’ या तक्रारीचं अर्धं उत्तर याच रकान्यात सापडतं. नाडी अंथरुणातून उठण्याआधी मोजायची, ३० सेकंद मोजून दुप्पट. दोन आठवड्यांत मुलाचा नेहमीचा आकडा कळतो. एखाद्याचा ६४ च्या आसपास असेल आणि लागोपाठ दोन दिवस ७३-७४ आला, तर त्या दिवशी जोराचा सराव करू नये. ताप तरी येतोय, नाहीतर थकवा उतरलेला नाही.

कष्टाचा रकाना सगळ्यात मोलाचा. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने, म्हणजे बूट काढून, पाणी पिऊन झाल्यावर, मुलाने १ ते १० मध्ये आकडा द्यायचा: आजचा सराव एकूण किती जड गेला. १ म्हणजे फिरायला गेल्यासारखं, १० म्हणजे यापुढे एक पाऊलही नाही. लगेच विचारलं तर शेवटच्या रिपिटेशनचाच, म्हणजे ठरलेल्या अंतराच्या शेवटच्या धावेचाच, दम बोलतो, म्हणून थांबायचं. हा आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. कार्ल फॉस्टर या अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञाने रूढ केलेली ही पद्धत आहे, आणि तिला पैशाचंही उपकरण लागत नाही. समजा आठवड्यात पाच सराव झाले: ६० मिनिटं ६ ने, ७५ मिनिटं ७ ने, ४५ मिनिटं ३ ने, ७० मिनिटं ७ ने, ६० मिनिटं ५ ने. बेरीज ३६०, ५२५, १३५, ४९० आणि ३०० मिळून १८१०. पुढच्या आठवड्यात स्पर्धा जवळ आली म्हणून हीच बेरीज २७०० वर गेली, तर पंधरवड्यात नडगी धरलेली पोरं ट्रॅकच्या कडेला बसलेली दिसतील. वाढ हळूहळू हवी, दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास, आणि दर चौथा आठवडा हलका.

एका मुलीच्या उजव्या पानावरची एक नोंद कशी असावी, ते पाहा:

मंगळवार. झोप ७॥. नाडी ६६. ४ × ३००, मधे ४ मिनिटं. लेन ४. ४७.८, ४८.१, ४८.०, ४९.६. कष्ट ७, ७० मि., ४९०. डावी नडगी, पळताना नाही, जिना उतरताना.

या दोन ओळींत सरांना हवं ते सगळं आहे. पहिली तीन रिपिटेशन अर्ध्या सेकंदाच्या आत आहेत, म्हणजे वेगाचा अंदाज उत्तम. चौथ्यात घसरण आहे, पण मोडलेली नाही. पुढच्या वेळी वेग तोच ठेवून मधली विश्रांती चार मिनिटंच ठेवायची की साडेचार, एवढाच प्रश्न. नडगीचं दुखणं अजून पळताना येत नाही, म्हणून गुरुवारचा सराव डांबरी रस्त्याऐवजी मातीवर. लंगडत येण्याआधी दहा दिवस ही बातमी कळली, ती जिन्याच्या त्या दोन शब्दांमुळे.

‘लेन ४’ का लिहायचं? संध्याकाळी ट्रॅकच्या आतल्या लेनमध्ये चालायला आलेले लोक असतात, मुलं बाहेर ढकलली जातात. आखीव ४०० मीटर ट्रॅकवर पहिल्या लेनची फेरी ४००, पण चौथ्या लेनची सुमारे ४२२ मीटर. ७० सेकंदांच्या वेगाने पळणाऱ्याला त्या २२ मीटरना जवळजवळ ४ सेकंद लागतात. लेन न लिहिता वेळ लिहिली की मूल समजतं, महिनाभर पळून मी हळू झालो. असं दोनदा वाटलं की ते मैदान बदलत नाही, खेळ सोडतं. सरावाला पहिली लेन मिळत नसेल तर सुरुवातीची रेघ तेवढी पुढे घ्या किंवा लेनचा आकडा लिहा. याला पर्याय नाही.

वहीच्या पहिल्या पानावर ध्येय. छापील डायरीत इथे ‘मला राज्यस्तरावर निवड हवी’ असं लिहून घेतात. ते लिहायला हरकत नाही. शालेय स्पर्धांचा जिना मुलांना माहीत हवाच: १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, ठाणे महापालिका क्षेत्रातून पुढे मुंबई विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दहावीच्या क्रीडागुणांकडे पालकांचा डोळा असतो, तेही चूक नाही. पण निवड मुलाच्या हातात नसते. त्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये कोण उभं आहे, यावर ती ठरते. म्हणून त्याच पानावर खाली दोन ओळी आणखी हव्यात: एक वेळेची, एक कृतीची.

८०० मीटर पळणाऱ्या १७ वर्षांखालच्या मुलीचं उदाहरण घ्या. आजची वेळ २:२६, हवी २:२०. नुसतं ‘६ सेकंद कमी करायचे’ असं सांगितलं तर ती पहिल्या फेरीतच सुसाट सुटते, कारण तिला तेवढंच सुचतं. तिच्या २:२६ ची फोड बघा: पहिली फेरी ६४, दुसरी ८२. दम कमी नाहीये, वाटणी चुकतेय. २:२० म्हणजे १४० सेकंद, ६९ आणि ७१. डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिली फेरी ४९.२८ ची होती, म्हणजे दुसरी ५१.६३. ८०० मीटरमधला जगातला सगळ्यात वेगवान माणूसही दोन फेऱ्यांत सव्वादोन-अडीच सेकंदांचाच फरक ठेवतो. तर वहीत तिसरी ओळ अशी: ‘पहिले २०० मीटर ३४ च्या आत नाही.’ हे तिच्या हातात आहे, आजपासून आहे आणि दर मंगळवारी तपासता येतं. पुष्कळदा नुसत्या या एका ओळीने पहिले दोन-तीन सेकंद निघतात. उरलेल्यांना महिने लागतात.

ते महिने मुलांना आधी सांगायला हवेत. सुविचारापेक्षा एक खरा आकडा पहिल्या पानावर लिहा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा वेळ ८:२९.८० होती. २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद, आणि तेही पुन्हा पुन्हा स्वतःचाच विक्रम मोडत. ज्या पोराला तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून रडू येतं, त्याला हे दोन आकडे समजतात.

स्टॉपवॉच. बटणाचं घ्या, निदान दहा लॅप साठवणारं. मोबाइलची स्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर बोटं ओलीच असतात. हाताने घेतलेली वेळ नेहमी वरच्या दशांशाला न्यायची: घड्याळात १२.३१ दिसलं तर लिहायचं १२.४. शंभर आणि दोनशे मीटरमध्ये हाताची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदांनी कमी येते, कारण बार झाल्यावर माणसाचं बोट उशिरा दाबलं जातं. म्हणजे मैदानावरचा १२.४ हा विभागीय स्पर्धेच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर १२.६४ दिसणार. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर जन्मातली चांगली शर्यत पळूनही मूल बोर्डाकडे बघून खचतं. म्हणून हाताच्या वेळेपुढे वहीत ‘ह’ लिहायचा, इलेक्ट्रॉनिकपुढे ‘इ’, आणि दोन्हींची तुलना कधीच करायची नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांचं ब्राँझ एका शतांश सेकंदाने हुकलं. दशांशापुढचा आकडा कशाला, असं विचारणाऱ्या मुलाला एवढं उत्तर पुरतं.

लांब उडीवाल्यांनी अंतरासोबत रनअप लिहावा, पावलं आणि मीटर दोन्ही, आणि फाउल झाला तर पाय फळीच्या किती पुढे पडला तेही. गोळाफेकवाल्यांनी गोळ्याचं वजन लिहिलं नाही तर पुढच्या वयोगटात गेल्यावर मागच्या नोंदी काही कामाच्या राहत नाहीत.

आता वही फसते कुठे, ते. बहुतेक वेळा घरी. आई किंवा बाबा वही उघडतात आणि जेवताना विचारतात, “काल पुन्हा सहाच तास झोपलास?” त्या दिवसापासून झोपेच्या रकान्यात ८ येतात. ८, ८, ८, ८, ८, एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने, रविवारी रात्री बसून भरलेले. आकडे खोटे झाले की वही मेली. मग ती पूर्ण भरलेली असली तरी उपयोग नाही. नियम सरळ ठेवा: वही मुलाची, वाचायची मुलाने आणि सरांनी. पालकांना बघायची असेल तर मुलाकडे मागावी, आणि त्यातल्या आकड्यावरून घरी बोलणी बसू नयेत. झोप खरोखर कमी पडत असेल तर सर पालकांना बोलावून क्लासची वेळ बदलायला सांगतील. ते मोठ्यांचं काम आहे.

दुसरी फसगत मैदानावर होते. सर वाचतच नाहीत, किंवा वाचून ‘गुड’ लिहितात. आठवड्यातून एकदा प्रत्येक वहीत एक वाक्य लिहायचं, आणि ते त्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणाला लागू पडू नये. ‘छान प्रगती’ सगळ्यांना लागू पडतं. ‘तिसऱ्या ३०० ला शेवटच्या ५० मीटरमध्ये खांदे वर आले नाहीत’ हे एकालाच. वीस मुलांच्या बॅचला यासाठी शनिवारची चाळीस मिनिटं लागतात. तेवढी नसतील तर दहा-दहा मुलं आलटूनपालटून घ्या, पण ‘गुड’ नको. ‘तू मुळातच फास्ट आहेस’ हेही नको. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत ज्या मुलांच्या हुशारीचं कौतुक झालं, ती अपयश आल्यावर लवकर ढेपाळली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकाटीने बसली. मैदानावर ‘नॅचरल टॅलेंट’ म्हणून बाराव्या वर्षी डोक्यावर घेतलेलं पोर पंधराव्या वर्षी का दिसत नाही, याचं मोठं कारण हेच.

आणि वह्यांतले आकडे फळ्यावर क्रमाने लिहू नका. पहिले तिघं खूश होतात, उरलेले सतरा वही घरी विसरू लागतात.

वयाचा एक टप्पा वेगळा सांभाळावा लागतो. मुली साधारण ११ ते १३ आणि मुलं १३ ते १५ मध्ये झपाट्याने उंच होतात. पाय लांब होतात, ताल बिघडतो, कधी काही महिने वेळा चक्क मागे जातात. दर तीन महिन्यांनी उंची वहीत लिहिली असेल तर सर दोन आकडे शेजारी ठेवून सांगू शकतात: तुझी उंची ४ सेंटिमीटर वाढली, वेळ परत येईल. त्याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या टोकाला, दाबलं की दुखणारा उंचवटा काहींना येतो. ऑसगुड-श्लाटर म्हणतात तो हाच. उड्या आणि चढ कमी करायचे, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं. तेल लावून चोळायचं नाही.

ॲपबद्दल थोडक्यात. येऊरच्या चढावर किंवा उपवनच्या बाजूला लांब, सावकाश पळायला ठीक. झाडी दाट असेल किंवा घोडबंदर रोडसारखे उंच टॉवर दोन्ही बाजूंना असतील तर अंतर हलतं, आणि ट्रॅकवरच्या २००-३०० मीटरच्या रिपिटेशनसाठी जीपीएसवर विसंबूच नये. मोठा तोटा ॲपमध्ये मित्रांची क्रमवारी दाखवणाऱ्या यादीचा: मित्राचा वेग दिसला की हलक्या दिवशीही मूल जोरात पळतं आणि गुरुवारचा खरा सराव वाया जातो. वापरायचंच असेल तर नकाशा ‘फक्त मला’ ठेवा. मुलगी रोज किती वाजता कुठल्या सोसायटीच्या गेटमधून निघते, हे जगाला दिसायला नको.

पावसाची तयारी स्वस्त आहे. वही झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये, सोबत शिसपेन्सिल किंवा साधं बॉलपेन. जेल पेनाची शाई एका थेंबात पसरते. मैदान बंद असेल त्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमधला सराव लिहावा, जिन्याचे मजले लिहावेत, ‘पाऊस’ एवढंच लिहून सोडू नये. स्पर्धा बहुधा पाऊस ओसरताना सुरू होतात, तेव्हा हीच पानं सगळ्यात जास्त उलटली जातात.

दहावीचं वर्ष असेल तर जानेवारीपासून पाच सरावांवरून तीनवर या, वही मात्र चालू ठेवा. परीक्षा संपल्यावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुनीतले तीन आकडे उतरवून घ्यायचे: सर्वोत्तम वेळ आणि तिची तारीख, नडगी किंवा पोटरी दुखली त्याच्या आदल्या आठवड्याची बेरीज, आणि शेवटची उंची. जुनी वही रद्दीत घालू नका. पुढच्या जूनमध्ये पहिल्या ३०० ला ५१ सेकंद लागले की मूल आपणच ती काढतं आणि मागच्या जूनचं पान शोधतं.